फी भरण्याआधी भिंतीवर टेप लावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की आपल्या करिअर पुरवणीत केबिन क्रूच्या नोकरीवर एक लेख येतो आणि त्याच पानाच्या तळाशी एअर होस्टेस प्रशिक्षणाच्या जाहिराती असतात. लेखात ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’ आणि ‘प्रभावी संवादकौशल्य’ असते, जाहिरातीत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. इंदूरच्या मराठी घरांतून या मुलाखतींना जाणारी मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांच्या हाताला लागेल असे या दोन्हींत काहीच नसते. केबिन क्रूची भरती आणि प्रशिक्षण या कामात राहिलेले आम्ही काही जण या शहरात आहोत, म्हणून हे पत्र. लांबले आहे. कापायचे झाले तर खुशाल कापा, फक्त मोजमापाचा भाग ठेवा.

कारण वॉक-इनला, म्हणजे आधी वेळ न ठरवता थेट जायच्या मुलाखतीला, आलेल्या मुलांपैकी बरीच तोंड उघडण्याआधीच बाहेर पडतात. दार उघडले की आधी उंची, मग हात कुठवर पोचतो, मग वजन, मग हात-पाय-मान यांवरची नजर, मग कागद. या पाचांतले एकही असे नाही की जे घरी एका संध्याकाळी कळणार नाही. तरी लाखाच्या घरात फी भरून झाल्यावर, हॉटेलच्या हॉलमध्ये, चारशे जणांच्या रांगेत ते कळते.

भारतीय कंपन्यांच्या जाहिरातींत मुलींसाठी किमान उंची बहुधा 155 सेंटिमीटर असते. मुलांसाठी ती 170च्या आसपास किंवा थोडी वर, एअर इंडियाच्या जाहिरातींत 172. एमिरेट्सला 160 सेंटिमीटर उंची लागते आणि शिवाय चवड्यांवर उभे राहून हात 212 सेंटिमीटरपर्यंत पोचावा लागतो. कतार एअरवेजचीही 212ची अट आहे. या दोन्ही कंपन्यांना वय 21 पूर्ण हवे. भारतीय कंपन्या 18 पूर्ण झालेल्यांना घेतात आणि नवख्यांसाठी वरची मर्यादा साधारण 27 असते. हे आकडे भरतीगणिक थोडे हलतात, म्हणून त्या त्या वेळची जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचावी; व्हॉट्सॲपवर फिरून आलेली नको.

उंची सकाळी मोजू नका. दिवसभर उभे राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर बुटका होतो. रांगेत तुमचा नंबर दुपारी तीनला लागू शकतो, सकाळच्या 155.5 वर भिस्त ठेवणारी मुलगी तेव्हा 154.7 भरते. अनवाणी, टाचा-पाठ-डोके भिंतीला टेकवून, हनुवटी सरळ, आणि डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून दुसऱ्या कुणीतरी खूण करायची. केस मोकळे ठेवून. उंच बांधलेला अंबाडा मोजणारा दाबतोच.

हाताच्या पोचेसाठी भिंतीवर 212वर पेन्सिलची रेघ मारा. रेघेकडे तोंड करून, अनवाणी, दोन्ही पायांच्या चवड्यांवर उठायचे आणि एक हात खांद्यातून ताणून बोटांची टोके रेघेच्या वर न्यायची. उडी नाही, धाप नाही, आणि तिथे दोन-तीन सेकंद थांबता आले पाहिजे. नुसते शिवून खाली येणे मोजत नाहीत. एक-दोन सेंटिमीटर कमी पडत असतील तर खांदे आणि पोटऱ्या रोज ताणून काही आठवड्यांत ते भरून येतात. सहा सेंटिमीटर कमी असतील तर येत नाहीत. मग आखाती कंपन्यांचा नाद सोडून ज्यांना हात मोजायचा नाही त्यांच्याकडे जावे. ही अट विनाकारण नाही. डोक्यावरच्या कप्प्यांत फक्त प्रवाशांच्या बॅगा नसतात. ऑक्सिजनची बाटली, मेगाफोन, प्रथमोपचाराची पेटी यांतले बरेच काही तिथे क्लिपमध्ये अडकवलेले असते आणि ते धुरात, चाचपडत, एका हाताने काढावे लागते.

वजनाचा हिशेब बीएमआयने होतो: किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मुलींसाठी 18 ते 22 आणि मुलांसाठी 18 ते 25 अशी चौकट एअर इंडियाने जाहिरातीत दिलेली आहे, इतर ठिकाणीही फार वेगळे नसते. म्हणजे 155 सेंटिमीटरच्या मुलीचे वजन 43.2 ते 52.9 किलो, 160च्या मुलीचे 46.1 ते 56.3, आणि 172च्या मुलाचे 53.3 ते 74. ही चौकट कडक आहे, आणि आमच्या मते मुलींच्या बाबतीत गरजेपेक्षा जास्त कडक आहे. पण तिच्यामागे निव्वळ दिखाऊपणा आहे असे मानू नका. एअरबस ए320च्या पंखावरचा आपत्कालीन दरवाजा ज्या प्रकारात मोडतो त्याचे किमान माप 20 इंच रुंद आणि 36 इंच उंच एवढेच आहे; त्यातून स्वतः निघायचे आणि दुसऱ्यालाही काढायचे असते.

इथेच एक चूक पुन्हा पुन्हा होते. जाहिरात आली की मुली तीन आठवडे काकडी आणि लिंबूपाण्यावर काढतात, काट्यावर 52 आणतात, मुलाखत पास होतात आणि वैद्यकीय तपासणीत अडकतात, कारण हिमोग्लोबिन घसरलेले असते. स्त्रियांमध्ये 12 ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात. आपल्याकडे मुलींचे मुळातच काठावर असते, त्यात उपासमार. तेव्हा अर्ज करण्याच्या तीन महिने आधी रक्ताची तपासणी करून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू करा, आणि वजन महिन्याला दोन किलोच्या गतीनेच उतरवा. डोळे, रंगांची ओळख आणि कान याच खेपेत तपासून घ्यावेत. चष्मा असल्याने बहुतेक ठिकाणी अडत नाही, कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. पण लेन्स मुलाखतीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा घातली तर डोळे लाल घेऊनच पॅनेलपुढे उभे राहाल.

टॅटूबद्दल फार लिहायला नको. गणवेशात जो भाग उघडा राहतो तिथे चालत नाही: मनगट, कोपराखालचा हात, मान, पोटरी, घोटा. मनगटावर हौसेने गोंदवलेले ‘आई’सुद्धा त्यात आले. मेकअपने झाकून जाऊ नका, ओल्या टिश्यूने पुसायला सांगतात. लेझरने काढायचे तर अनेक बैठका लागतात आणि दोन बैठकांत आठवडे जातात, म्हणून ते काम मुलाखतीच्या वर्षभर आधीचे.

आता कागद. मराठी उमेदवाराची खास अडचण इथे आहे. बोर्डाच्या मार्कशीटवर नाव आणि आडनाव एवढेच, आधारवर मधे वडिलांचे नाव, आणि पासपोर्ट काढताना एजंटाने वडिलांचे नाव कधी पहिल्या नावाला जोडलेले, कधी गाळलेले. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे ‘एच’ किंवा शेवटचे ‘ई’ कमी-जास्त असतेच. घरात कुणाला हे खटकत नाही, कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीला खटकते, आणि विमानतळाच्या प्रवेशपासासाठी पोलीस पडताळणी होते तिलाही. दहावीची मार्कशीट हा पाया धरा आणि बाकी सगळे तिच्याशी जुळवा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा सायबर कॅफेवाल्याला अंदाजाने टाइप करू देऊ नका. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा. 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये आहे, तत्काळला त्यावर आणखी 2000. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका, कारण एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीचा व्हिजिट व्हिसा 2022च्या नोव्हेंबरपासून मिळत नाही. बारावीनंतर एखादे वर्ष रिकामे गेले असेल तर ते लपवू नका, त्या वर्षात काय केले ते एका ओळीत लिहा. रिकाम्या वर्षामुळे क्वचितच कुणी नापास होते. खोटे बोललेले उघडकीला आले तर मात्र होते.

हे सारे जमत असेल तर मग प्रशिक्षण संस्थेचा प्रश्न येतो. स्पष्ट लिहितो: भारतीय विमान कंपन्या नवख्यांकडून बारावी पास एवढेच शिक्षण मागतात. खासगी संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा ही अट नाही आणि त्याला मुलाखतीत वेगळे गुणही नाहीत. डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या नियमांप्रमाणे लागणारे प्रशिक्षण निवड झाल्यावर कंपनीच देते, त्याच कंपनीच्या विमानांवर आणि तिच्याच नियमपुस्तिकेप्रमाणे. ते साधारण दोन-तीन महिन्यांचे असते: आग विझवणे, धुराच्या खोलीतून बाहेर पडणे, घसरपट्टीवर उडी, पाण्यात उतरलेल्या विमानाचा सराव, प्रथमोपचार, धोकादायक माल, सुरक्षा. भंवरकुआं किंवा गीता भवनच्या एखाद्या मजल्यावर विमानाची नकली केबिन बांधून ट्रे कसा धरायचा हे शिकवले म्हणून त्यातला एक तासही कमी होत नाही. संस्थेच्या पाटीवर कोणत्या कंपन्यांची चिन्हे आहेत ते जरूर पाहा. जेट एअरवेज एप्रिल 2019मध्ये थांबली, गो फर्स्ट मे 2023मध्ये, विस्तारा नोव्हेंबर 2024मध्ये एअर इंडियात विलीन झाली. ही चिन्हे अजून झळकत असतील तर तिथला अभ्यासक्रमही त्याच काळातला समजा.

ज्यांचे इंग्रजी खरोखर अडखळते त्यांना शिकवणीचा उपयोग होतो, हे मान्य. पण मग सहा महिने इंग्रजी बोलण्याची चांगली शिकवणी लावा. ती स्वस्त पडते आणि निवड झाली नाही तरी वाया जात नाही. आणि कुठेही फी भरण्याआधी नोकरीची हमी लेखी मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, त्यांत नोकरीची खोटी हमी देण्याला मनाई आहे. लेखी मागितल्यावर ‘हमी’ची ‘मदत’ झालेली दिसेल. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

पोशाखाचे थोडक्यात: मुलींनी गुडघ्यापर्यंतचा काळा किंवा गडद निळा सरळ स्कर्ट, अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट, त्वचेच्या रंगाचे स्टॉकिंग्ज आणि बंद बूट, मुलांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय, त्याच सकाळी केलेली दाढी. कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीचा गाऊन नको. स्टॉकिंग्जची एक जोडी पर्समध्ये जादा ठेवा, रांगेतल्या खुर्चीच्या खिळ्याला ती हमखास फाटते. फाउंडेशन दुकानदार नेहमी एक छटा उजळ देतो. ते हातावर लावून पाहू नका, जबड्याच्या रेषेवर लावून दुकानाबाहेर उन्हात पाहा. मान आणि चेहरा दोन रंगांचे दिसले तर ते पॅनेलला सहा फुटांवरून कळते.

अंबाड्यावर मात्र वेळ द्या, कारण दिवसभर टिकतो की नाही तेच तिथे पाहतात. केस त्याच सकाळी धुतले की मऊ पडतात आणि पिना सरकतात, म्हणून आदल्या संध्याकाळी धुवावेत. थोडे जेल लावून, बारीक कंगव्याने मागे ओढून, कानाच्या वरच्या टोकाच्या पातळीवर घट्ट शेपटी बांधायची. त्यापेक्षा वर बांधली तर टोपी बसत नाही, खाली बांधली तर जंपसीटच्या, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीच्या, डोकेटेकणीला लागते. शेपटीवर आधी जाळी चढवायची, मग पीळ देऊन गुंडाळायची आणि यू आकाराच्या पिना बाहेरून आत, मुळाकडे वळवून खोचायच्या. सहा-सात पुरतात. पंधरा लागत असतील तर शेपटी सैल आहे. मानेवरचे आणि कपाळावरचे सुटे केस जुन्या टूथब्रशवर स्प्रे मारून बसवावेत. घरी करून झाल्यावर दहा वेळा वाका, जिना चढा-उतरा, डोके हलवा. पीन पडली तर पुन्हा.

इंदूरला वॉक-इन नसेल तेव्हा मुंबई, दिल्ली किंवा अहमदाबादला जावे लागते. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर बसून सकाळी मुंबई सेंट्रलला उतरून थेट रांगेत उभे राहू नका. पाय सुजलेले, डोळे ओढलेले, आणि बूट चावतात. एक दिवस आधी पोचा. मावशीकडे उतरायचे असेल तर आधीच सांगून ठेवा की रात्री गप्पांना बसणार नाही.

आता आवाजाबद्दल, कारण आम्हाला सर्वांत जास्त इथेच लिहायचे आहे. बहुतेक ठिकाणी एक घोषणा वाचायला देतात, इंग्रजीतून आणि हिंदीतून. इंदूरच्या मराठी मुलांच्या या वाचनात काही ठरावीक दोष येतात आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहेत. पहिला ‘फ’चा. आपण फळातला ‘फ’ दोन्ही ओठ मिटून काढतो. ‘फ्लाइट’, ‘सेफ्टी’, ‘फासन’ यांत वरचे दात खालच्या ओठाला हलके लागले पाहिजेत. ओठ मिटून काढलेल्या ‘फ’ची हवा माइकवर आदळते आणि भोंग्यातून फट्ट असा आवाज जातो. दुसरा ‘व’चा. ‘लाइफ व्हेस्ट’ म्हणताना दात ओठाला लागत नाहीत आणि ऐकणाऱ्याला ते पश्चिम दिशेसारखे ऐकू येते. उलट ‘वेलकम’मध्ये काही जण उगाच दात लावतात. तिसरा इंदुरी हिंदीचा. ‘है’चे ‘हे’, ‘और’चे ‘ओर’, ‘पैसे’चे ‘पेसे’ होते. राजवाड्यावर ते गोड लागते, घोषणेत नाही. चौथा लिंगाचा: मराठीत आवाज तो, म्हणून ‘मेरा आवाज़’ तोंडात येते, हिंदीत ती ‘मेरी’. पाचवा हिंदी आकड्यांचा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘छत्तीस हज़ार फ़ुट’ जमते, पण ‘उनसठ’ आणि ‘उनहत्तर’ यांत घोटाळा होतो. एक ते शंभर हिंदी आकडे आठवडाभरात पाठ होतात, करून टाका.

सराव असा करा: मोबाइल दोन हात लांब ठेवून रेकॉर्ड करा, मिनिटाला 120 शब्दांच्या आसपास गती ठेवा, उड्डाणाचा क्रमांक एकेक आकडा सुटा वाचा, शहराच्या नावाआधी किंचित थांबा, आणि वाक्याचे शेवटचे अक्षर गिळू नका. रेकॉर्डिंग स्वतः ऐकू नका, आधी आजोबांना ऐकवा. त्यांना गेट क्रमांक आणि वेळ कळली तर ठीक. याखेरीज ओरडण्याचाही सराव हवा. गोड आवाजाची मुलगी ‘सोडा ते सामान, बाहेर पडा’ असे पोटातून ओरडू शकते का, हे पॅनेल तुमच्या वाचनातूनच चाचपत असते. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए350 धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण ए350मधले 379च्या 379 जण बाहेर आले. आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती, बाकीच्यांबाहेर आग होती. केबिनमधली घोषणायंत्रणा बंद पडली होती आणि क्रूने मेगाफोन व स्वतःचा घसा यांवर काम केले. भारतात दर 50 आसनांमागे किमान एक क्रू लागतो: 186 आसनांच्या ए320मध्ये चार, 78 आसनांच्या एटीआर या छोट्या विमानात दोन. त्या दोघांतली एक ही मुलगी चालेल का, एवढाच प्रश्न पॅनेलपुढे असतो. चहा-सँडविच नंतरचे.

गटचर्चेला मुले उगाच घाबरतात. तिथे जिंकायचे नसते. पहिले बोलणाऱ्याला बक्षीस नाही, दुसऱ्याचे बोलणे तोडणाऱ्याला काट. गप्प बसलेल्या एखाद्याला नावाने विचारून बोलते केले तर ते लिहून घेतले जाते. आणि चर्चा सुरू होण्याआधी, खुर्चीत बसून वाट पाहताना तुम्ही शेजारच्याशी कसे वागता, पाण्याचा ग्लास आणणाऱ्याला काय म्हणता, तेही कुणीतरी पाहत असते.

शेवटच्या मुलाखतीत ‘क्रू का व्हायचे’ हे विचारतातच. ‘लहानपणापासून आकाशात उडायचे स्वप्न होते, फिरायची आवड आहे’ हे उत्तर पॅनेलने सकाळपासून साठ वेळा ऐकलेले असते. त्याऐवजी काम सांगा. गणेशोत्सवात पंगतीला दोनशे पाने वाढली असतील, जत्रेतल्या पुरणपोळीच्या स्टॉलवर संध्याकाळभर गिऱ्हाईक सांभाळले असेल, आजारी आजीचे रात्री-बेरात्री केले असेल, तर ते सांगा: काय अडले, मी नेमके काय केले, शेवटी काय झाले. दीड मिनिटाच्या आत. ‘माझा दोष म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे’ हे वाक्य मात्र कृपा करून घरी ठेवून या.

खरी कसोटी प्रसंगांच्या प्रश्नांत असते. विमान धावपट्टीकडे सरकत आहे आणि एक बाई मुलाला कडेवर घेऊन टॉयलेटकडे निघाली, काय कराल? दहांतले नऊ जण ‘मी त्यांना नम्रपणे समजावून सांगेन’ म्हणतात आणि थांबतात. उत्तर अपुरे आहे. जागेवरूनच मोठ्याने, स्पष्ट शब्दांत बसायला सांगायचे. बसल्या नाहीत तर इंटरफोनवरून लीडला, म्हणजे क्रूच्या प्रमुखाला, कळवायचे. लीड वैमानिकाला कळवेल आणि विमान थांबवायचे की नाही ते वैमानिक ठरवेल. आपण पट्टा सोडून धावत गेलो तर पडणारी माणसे दोन झाली. प्रत्येक उत्तरात हा क्रम ठेवा: आधी सुरक्षितता, मग कुणाला कळवणार, मग प्रवाशाला कोणता पर्याय देणार. ‘कुणाला कळवणार’ हाच भाग मुले गाळतात, आणि एकट्याने शौर्य गाजवणारा माणूस क्रूमध्ये नको असतो.

दारू प्यायलेल्या प्रवाशाचा प्रश्न ठरलेला. देशांतर्गत उड्डाणांत मद्य दिले जात नाही हे माहीत हवे. म्हणजे तो बाहेरून पिऊन आला आहे किंवा स्वतःची बाटली काढतो आहे; ‘मी त्याला आणखी देणार नाही’ हे उत्तर तिथेच बाद. बेशिस्त प्रवाशांसाठी डीजीसीएचे 2017चे तीन स्तर आहेत. शाब्दिक त्रास हा पहिला, प्रवासबंदी 3 महिन्यांपर्यंत. अंगावर हात टाकणे हा दुसरा, 6 महिन्यांपर्यंत. जिवाला धोका होईल असे वर्तन हा तिसरा, किमान 2 वर्षे. हे तीन आकडे सांगणाऱ्या उमेदवाराने जाहिरातीपलीकडे काही वाचले आहे हे पॅनेलला कळते. तसेच उड्डाणानंतरची 3 मिनिटे आणि उतरण्याआधीची 8 मिनिटे सर्वांत नाजूक मानतात; त्या अकरा मिनिटांत क्रू जंपसीटवर हात मांडीखाली ठेवून गप्प बसलेला दिसतो तेव्हा तो मनातल्या मनात दार, हँडल, आज्ञा यांची उजळणी करत असतो. ‘तेव्हा तुम्ही काय करत असाल’ असे कुणी विचारले तर ‘आराम’ म्हणू नका.

बदलीच्या गावी राहाल का, या प्रश्नावर ‘बाबांना विचारून सांगते’ हे उत्तर येते, आणि ते आपल्याच घरांतून जास्त येते. म्हणून हे बोलणे घरी आधी उरकून घ्या: पहाटे तीनची गाडी, दिवाळीला ड्यूटी, परगावी तिघी-चौघींत भाड्याचे घर. आई-बाबांच्या मनात ‘लग्न झाले की काढून टाकतात’ ही जुनी धास्ती असते. ती निराधार नव्हती, एअर इंडियात एके काळी पहिल्या गरोदरपणाला नोकरी जात असे. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. मात्र आजही नियुक्तिपत्रात बाँड असू शकतो: अमुक काळाच्या आत सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरा. रक्कम किती, काळ किती, आणि प्रशिक्षणात नापास झाल्यास तो लागू होतो का, हे सहीच्या आधी वाचा. पगाराचा आकडा विचारताना स्थिर भाग किती आणि उड्डाणाच्या तासांवर किती हे वेगळे विचारा. ‘पन्नास हजार’ म्हणून सांगितलेल्यातला मोठा हिस्सा तासांवर असेल तर ज्या महिन्यात आजारी पडाल त्या महिन्यात तो निम्मा होईल.

निवडीनंतरचा सापळा सर्वांत महाग पडतो. ‘तुमची निवड झाली आहे, गणवेशाचे अनामत 8500 रुपये भरा’, ‘मेडिकलचे पैसे परत मिळतील’ असे फोन आणि जीमेलवरून आलेली, कंपनीचे चिन्ह चिकटवलेली पत्रे. बऱ्याचदा हे फोन मुलाखत न दिलेल्यांनाही येतात, नुसता बायोडाटा नोकरीच्या संकेतस्थळावर टाकला की पुरे. मुलाखत, गणवेश, अनामत, यांतल्या कशासाठीही खरी कंपनी उमेदवाराकडून क्यूआर कोडवर पैसे मागत नाही. पत्राचा ईमेल पत्ता कंपनीच्या स्वतःच्या नावाने संपतो का ते पाहा, आणि मजकुरातला फोन न लावता संकेतस्थळावरचा शोधून लावा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती उरत नाही. घरी रागावतील म्हणून मुली गप्प बसतात आणि नेमके तेच दोन दिवस जातात.

आपल्याकडे एक विनंती. पुढच्या वेळी करिअर पुरवणीत प्रशिक्षण संस्थांच्या जाहिराती छापाल तेव्हा त्याच पानावर 1915 आणि 1930 हे दोन क्रमांक एका चौकटीत द्या, आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिणाऱ्या जाहिरातदाराकडून त्याचा आधार आधी मागून घ्या.

आपले,
केबिन क्रू भरती व प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक,
सुदामा नगर, इंदूर